वेदनेचा रकाना

एक दोरा. गुलाबी, बारीक, लाटालाटांनी पुढे गेलेला — भिजलेल्या सुतळीचा तुकडा कुणी सैल सोडून द्यावा तसा — आणि त्याच्याभोवती, अंगाला अंग लावून बसलेलं, गडद जांभळ्या पेशींचं कडं. भिंगावरून डोळे न काढताच कुमुदने काच केसभर सरकवली. दोरा पुढे गेला, कडंही पुढे गेलं. आणखी सरकवली. दोऱ्याला फाटा फुटला आणि कडं दोन्ही फाट्यांनी निमूट चालत राहिलं. मज्जातंतू. संवेदनेची नस. आणि तिला बिलगलेला कर्करोग; तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे जातीतला सगळ्यांत आडदांड. हे ठरवायला कुमुदला चहाचा एक घोट घेण्याइतकाही वेळ लागला नाही. आणि एकदा ठरवल्यावर पुन्हा विचार करावा, असं तर तिला सव्वीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच वाटलं होतं.

आधी काच, मग नाव, हा तिचा नियम. नाव आधी वाचलं की डोळा मवाळ होतो, वय वाचलं की घाबरतो, असं ती दर वर्षी नव्या रेसिडेंटना बजावायची. म्हणून मनात निकाल लावून झाल्यावरच तिने काचेवरच्या आकड्याचा फॉर्म ओढला. लतिका उल्हास साळवे. वय बेचाळीस. पत्ता... पत्ता वाचायची गरजच नव्हती. कुमुदच्याच जिन्यातला, बरोबर तिच्या डोक्यावरचा मजला.

लतिकाने सांगितलं होतं, नाही असं नाही. सोमवारी सकाळी चार्टर्ड बसमध्ये, नेहमीच्या तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसून — "आज ते बायोप्सीचं करून घेतेय हं. तू म्हणालीस तसं काही नसणारच, पण उल्हासला चैन नाही." आणि कुमुदने मान डोलावली होती. बायोप्सी आपल्याच इस्पितळात, म्हणजे काच आपल्याच टेबलावर, एवढा साधा हिशेबही तिने केला नव्हता. कारण निकाल तर तिच्या मते कधीच लागला होता. जानेवारीत. स्वयंपाकघरात.

गाझियाबादच्या त्या नव्या सोसायटीत तेव्हा लिफ्ट आली होती, पण ती चालवायला वीज यायची होती. सहा मराठी घरं, सहाही सरकारी नोकरीतली, करोल बागेतल्या भाड्याच्या खोल्यांतून यमुना ओलांडून स्वतःच्या छपराखाली आलेली. त्यामुळे हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं नि कुणाला नाही असा प्रश्नच नव्हता, सगळ्याच यायच्या. लतिका नगरची ख्रिश्चन, ती तिळगुळासाठी आणि गप्पांसाठी यायची आणि सगळ्यांच्या आधी येऊन ताटल्या मांडायला घ्यायची. आणि कुमुदचं स्वयंपाकघर म्हणजे बायकांचा दवाखाना. ती बोलूनचालून काचेची डॉक्टर, जिवंत माणूस तपासून तिला वीस वर्षं झाली असतील, पण डॉक्टर ती डॉक्टर. ओट्याशी येऊन कुणी गुडघा सांगायचं, कुणी सुनेची पाळी. लतिकाने दार पुढे लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं. छातीत गाठ लागते, टोचतं म्हणाली. आणखीही काहीतरी म्हणाली. कुमुदने पदराला हात पुसला, दोन बोटांनी चाचपलं, आणि म्हणाली—

"दुखतंय ना? मग काळजी नको. वाईट गाठ दुखत नाही. चल, बाहेर सगळ्या खोळंबल्यात."

लतिका केवढी हसली होती! सुटल्यासारखी. उभ्या उभ्या दोन लाडू खाल्ले होते तिने.

धीर द्यायला म्हणून बोलले असते तर गोष्ट वेगळी होती. माणूस धीर देताना थोडं खोटं बोलतं, ते त्यालाही माहीत असतं नि ऐकणाऱ्यालाही. पण मी धीर देत नव्हते. मला खात्री होती. तीच खात्री, जिच्यावर मोठमोठे सर्जन सुरी धरून थांबतात, 'कुमुदमॅडम क्या बोलीं?' म्हणून फोन करतात. जिच्यावरून माझा नवरा विलास चारचौघांत चेष्टा करतो, की आमच्या हिची चूक झाली तर त्या दिवशी दिल्लीत भूकंप होईल... आणि नियम तरी कुठे खोटा होता? दुखणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवीच निघतात. फक्त तो 'बहुतेक' तिने गिळला; आणि 'तरी एकदा दाखवून ये' हे त्याच्यापाठचं वाक्यही. तीन महिने. तिसऱ्या श्रेणीच्या गाठीला तीन महिने म्हणजे काय, हे कुमुदला कुणी सांगायला नको होतं.

तिने फॉर्म पुन्हा वाचला, या खेपेला शेवटपर्यंत. सर्जरीच्या रेसिडेंटच्या किरट्या अक्षरात: डावा स्तन, गाठ, अवधी एक महिना. आणि खाली छापील रकान्यात — वेदना: नाही.

नाही?

पहिली गोष्ट झाली ती ही की तिला बरं वाटलं. छातीवरचं ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं. कागदावर वेदना नव्हतीच. अवधीही एक महिन्याचाच. म्हणजे जानेवारीतलं ते स्वयंपाकघर, ते दोन बोटांनी चाचपणं, ते वाक्य, यांतलं काही घडलंच नव्हतं. लतिका ती गडबडीची दुपार विसरलीही असेल, आणि विसरली नसली तरी ती कुमुदला दोष देणारी बाई नव्हे. दुसऱ्याच्या हातून, न मागता, कुमुदची चूक पुसली गेली होती. तिने कपातला गार झालेला चहा सावकाश संपवला. नि मग तिचं लक्ष समोरच्या कपाटाकडे गेलं, जिथे तिची जाडी निळी वही होती.

त्या वहीला डिपार्टमेंटमध्ये 'मॅडमची नसांची वही' म्हणत. प्रेमाने म्हणत की टवाळीने, याची कुमुदने कधी फिकीर केली नाही. सात वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांनी एक गोष्ट टिपली होती. ज्या गाठी झपाट्याने पसरणाऱ्या, बगलेतल्या ग्रंथींपर्यंत पोचलेल्या, त्यांच्यात नसा जास्त दिसायच्या. चांगल्या जाड्या जुन्या नसांचीच गोष्ट नव्हे. बारीक, कोवळे, नव्याने फुटल्यासारखे तंतू, थेट गाठीच्या पोटात शिरलेले. सगळे म्हणत, त्यात काय, गाठ वाढताना वाटेत नस आली. कुमुद म्हणायची, आली नाही, बोलावली. गाठ नसेला खुणावते, वाढवते, जवळ करते. आणि फुकट कोण कुणाकडे येतं? नसही तिला काहीतरी देत असणार, असा काही निरोप, ज्याने ती जागची हलायला, पसरायला शिकते. ज्याला घंटा वाजवायला बसवलं तो पहारेकरीच चोराला वाटा दाखवतो. हा तिचा नुसता तर्क होता, पण तर्क तिचा होता, म्हणजे तिच्या लेखी तो निम्मा सिद्ध होता.

चंदीगडच्या परिषदेत तिने तो मांडला होता. काचांची चित्रं दाखवून झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने बसल्या बसल्या विचारलं होतं, "मैडम, इतनी नसें हैं, तो मरीज़ को दर्द क्यों नहीं होता?" लोक हसले. वहीत एकसष्ट बायकांची नोंद होती, आणि त्यांतल्या अठ्ठावन्न फॉर्मांवर लिहिलेलं होतं — वेदना: नाही.

तिने वही काढली नाही. आकडे तोंडपाठ होते. तिने सर्जरीच्या वॉर्डात फोन लावला आणि फॉर्म भरणाऱ्या डॉक्टर अंशुमनला फोनवर बोलावून घेतलं.

"सोमवार की लतिका साळवे की बायोप्सी. दर्द के खाने में 'नहीं' लिखा है. तुमने पूछा था?"

"मैडम... पूछा तो... पूछना क्या था, मैडम, गाँठ देखकर ही लग रहा था मैलिग्नेंट है. तो दर्द तो नहीं ही होगा."

"और एक महीना?"

"वो तो सब एक-दो महीना ही बोलती हैं."

"मतलब, पूछा नहीं."

"मैडम, ओपीडी में सौ पेशंट होते हैं. सब यही लिखते हैं." आणि मग, रागावून नव्हे, उलट जरा आठवण करून द्यावी तशा आपुलकीने तो म्हणाला, "आपने ही तो पढ़ाया था. सेकंड इयर में. जो दुखती नहीं, वही बुरी होती है."

कुमुदने फोन ठेवला. रागावायला तिथे कुणी नव्हतं. तो खरं बोलत होता. तिने शिकवलं होतं, फळ्यावर लिहून, खाली दोनदा रेघ ओढून, वर्षानुवर्षं, साऱ्या बॅचना. त्या बॅचा वॉर्डात गेल्या आणि गाठ वाईट वाटली की न विचारताच 'नाही' लिहू लागल्या. ते फॉर्म फिरून तिच्याच टेबलावर आले, तिने ते वहीत उतरवले, आणि अठ्ठावन्न वेळा वाचून तिची खात्री आणखी पक्की झाली, जी तिने पुन्हा फळ्यावर लिहिली. आपलंच बोलणं ती सात वर्षं पुरावा म्हणून वाचत होती! आणि जिला विचारायचं ती रोज सकाळ-संध्याकाळ बसमध्ये मांडीला मांडी लावून बसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

त्या अठ्ठावन्न बायका आता कुठे असतील... किती असतील... त्यांतल्या कितीजणींनी कुणाच्या ओट्याशी उभं राहून, टोचतं गं, असं म्हटलं असेल, आणि कुणीतरी शहाण्या माणसाने त्यांना म्हटलं असेल...

ती उठली. बसून राहणं हा तिचा स्वभाव नव्हता.

नरसिंह आतल्या खोलीत, गाठींचे तुकडे बसवलेल्या मेणाच्या वड्या कापत होता. हा तिचा सगळ्यांत जुना तंत्रज्ञ. घर तेलुगू, गाव सोलापूर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्याच्या हातचा काप कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ. तिने त्याला त्या आकड्याची वडी दिली आणि नसा तपकिरी दाखवणारा खास रंग चढवायला सांगितला.

"बाई, तो रंग तुमी वहीसाठी जपून ठिवलाय की. शेवटचे दोन थेंब हायेत."

"तेच वापरा."

त्याने वडी बर्फावर ठेवली.

तीन वाजता काच आली. कुमुदने दिवा वाढवला आणि डोळा लावला. सकाळच्या रंगात जिथे नुसती जांभळी गर्दी दिसली होती तिथे आता तपकिरी तंतूच तंतू होते. पेशींच्या पुंजक्यांतून, दोन पेशींच्या फटींतून, एकेकटे, केसाहून बारीक, कोवळे, वळत, फुटत गेलेले. इतकं स्वच्छ तिने कधी पाहिलं नव्हतं. अगदी चंदीगडला नेलेल्या काचांतही नाही. आणि तिला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही, आनंदच झाला, अंगभर, लख्ख, बरोबर ठरल्याचा. मी म्हणत होते ना, मी म्हणत होते! आता विचारा म्हणावं दर्द क्यों नहीं होता. होतो. तुम्ही विचारलं नाही. मी विचारलं नाही...

हे लतिकाचं आहे.

हा जो फाटा वर वळलाय तो लतिकाचा आहे. जानेवारीत दार लोटून तिने हेच सांगितलं होतं, तिला ठाऊक असलेल्या एकमेव शब्दात. मी सात वर्षं रंग चढवून, भिंगं बदलून जे शोधत होते ते तिने फुकट आणून दिलं होतं, आणि मी तिला लाडू दिला. कुमुदने काच खाली उतरवली.

तरीही रिपोर्ट तिने एका बैठकीत लिहिला, एकही शब्द न खोडता, कारण काच चुकीची नव्हती आणि काच वाचणारा डोळाही. श्रेणी तीन. मज्जातंतूंभोवती गाठीच्या पेशींचा वेढा: आहे. गाठीच्या आत बारीक मज्जातंतू: विपुल. मग तिने सर्जरीचा फॉर्म समोर ओढला. तो तिचा कागद नव्हता. दुसऱ्या खात्याच्या कागदावर पेन चालवायचं नाही, हाही तिनेच घालून दिलेला नियम. तिने अंशुमनच्या 'नाही'वर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: वेदना आहे, निदान जानेवारीपासून. रुग्णाने मला त्या वेळी समक्ष सांगितले होते. मी गाठ निरुपद्रवी असल्याचे तिला सांगितले. खाली पूर्ण सही, हुद्दा, तारीख.

नरसिंह कागद न्यायला आला होता. तो उभ्यानेच वाचत होता, आणि ती त्याला वाचू देत होती.

"कुणाला कळलं नसतं, बाई."

"टाइपिंगला पाठवा. आणि वहीतल्या एकसष्टजणींचे पत्ते रेकॉर्डमधून काढायचेत. उद्यापासून बसू."

तिला वाटलं होतं, सही केली की हलकं वाटेल. नाही वाटलं. सहीने फार तर कागद खरा झाला. रिवाज असा की काच बोलते, पॅथॉलॉजिस्ट लिहितो आणि सर्जन सांगतो. सव्वीस वर्षांत कुमुदने एकाही माणसाला त्याचा रोग तोंडाने सांगितला नव्हता. सर्जन उद्या अकराला सांगतीलच. पण त्याआधी साडेपाचची बस होती.

बस इस्पितळापाशी जवळपास रिकामी असायची. कुमुद तिसऱ्या बाकावर बसली, खिडकीची जागा सोडून, शेजारी पर्स ठेवून. लतिका मंडी हाउसला चढायची. कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात ती आरक्षण बघायची, आमदारांना खोल्या द्यायची आणि नसलेल्या खोल्या नसल्याचं गोड शब्दांत सांगायची. तेवढ्या पंधरा मिनिटांत कुमुदने वाक्यं ठरवली. तीनच. आधी रोग काय ते. मग उपचार, त्यांत आता किती नवीन औषधं आलीत ते, जे खरंच होतं. आणि शेवटी, जमलं तर, जानेवारी. क्रम चोख होता. क्रम लावण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

लतिका चढली ती बोलतच. "काय ऊन गं हे, एप्रिलमध्येच! आणि आज एक साहेब, बरं का, रूममध्ये पाणी गार नाही म्हणून..." ती खिडकीशी सरकली, पर्स मांडीवर घेतली, आणि सरकताना तिने डावा हात जरा अंगाशी धरला होता. रोजच धरत असेल. कुमुदने आजवर तो पाहिला नव्हता.

आणि तिचं पहिलं वाक्य नाहीसंच झालं. तिने विचारलं,

"लतिका, दुखतं म्हणजे कसं दुखतं गं?"

"काय?"

"तिथे. नीट सांग. पहिल्यापासून."

लतिकाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती सांगू लागली. आधी अडखळत, असल्या गोष्टी बसमध्ये काय बोलायच्या म्हणून आवाज उतरवून, आणि मग धरणाचं दार उघडावं तशी. दिवाळीच्या आसपास सुरू झालं. जानेवारीत नाही गं, दिवाळीत. आधी नुसतं टोचायचं, सुई राहिल्यासारखं. मग हात वर केला की एक कळ निघायची, बगलेतून, दंडाच्या आतल्या अंगाने, इथून असं, बघ, कोपरापर्यंत. कधी तिथली कातडी बधिर व्हायची आणि कधी साडीचा काठ लागला तरी नको व्हायचं. कुमुद तिच्या बोटाकडे बघत होती. ते बोट दंडावरून ज्या वाटेने चाललं होतं ती वाट कुमुदला नावासकट माहीत होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. ती नस बगलेतून तशीच उतरते, आणि कोपरापाशीच संपते. भिंगाखाली केसभर दिसलेली गोष्ट ही बाई सहा महिने, हातभर, अंगावर वागवत होती आणि तिला ती पाठ होती. कुमुदने मध्ये एकही शब्द घातला नाही. तिला ते जड गेलं; दोनदा तिच्या जिभेवर निष्कर्ष आला आणि दोनदा तिने तो परतवला. आयटीओचा पूल आला, खाली यमुनेचं काळं पाणी, पलीकडे लक्ष्मीनगरच्या गच्च्या, आणि लतिका बोलता बोलता थांबली.

"रिपोर्ट आलाय ना?" ती म्हणाली.

"आलाय."

"तूच बघितलास?"

"मीच."

लतिका खिडकीबाहेर बघू लागली. पुलाचे खांब एकामागून एक तिच्या चेहऱ्यावर सावली टाकत गेले. तिने डोळे पुसले नाहीत, नुसती मान हलवली, आणि कुमुदच्या हातावर हात ठेवून, जणू धीर कुमुदला द्यायचा होता, म्हणाली,

"तू बघितलंस म्हणजे बरोबरच असणार."

हे वाक्य कुमुदने किती जणांकडून ऐकलं होतं. सर्जनकडून, रेसिडेंटकडून, हसत हसत का होईना विलासकडून. त्यावर ती जगली होती, म्हटलं तरी चालेल. सकाळपर्यंत ते तिला पगारापेक्षा गोड लागत होतं. आता ते मनगटावरच्या त्या उबदार, विश्वासू हातासारखंच तिच्यावर पडून होतं आणि तिला हलताही येत नव्हतं. लतिकाने भांडायला हवं होतं. जानेवारीत काय म्हणाली होतीस, असं विचारायला हवं होतं, मोठ्याने, सगळ्या बसला ऐकू जाईल असं. बस पूल उतरली. कुमुदने बोलायला तोंड उघडलं, आणि आपल्या शेजारी बसलेल्या या बाईने एकदा, एकदा तरी आपल्यावर संशय घ्यावा, असं तिला अगदी आतड्यापासून वाटत राहिलं.